लासूरकरांना पट्ट्या चालत नाहीत

श्रीनिवासराव लासूरकरांबद्दल दोन शब्द चांगले बोला असं कुणी मला म्हटलं, तर मी सांगेन की त्यांच्या दारातल्या चपला ओळीनं लावलेल्या असतात. बास. त्यापुढं माझी जीभ रेटत नाही. गारखेड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांचा खोकला, त्यांच्या कुकरची शिट्टी, त्यांचं सकाळचं अथर्वशीर्ष, सगळं मला घरबसल्या ऐकू येतं. इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाबद्दलचं मत बदलायला माणसाला पुष्कळ संधी मिळते. माझं काही बदललं नाही.

लोक म्हणतात, माणूस सरळ आहे. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. मला विचाराल तर एखादा उघड वाईट माणूस शेजारी परवडला. तो भांडतो, आपण भांडतो, विषय संपतो. हे गृहस्थ भांडत नाहीत. ते समजावून सांगतात. आपलं चुकीचं म्हणणं शांतपणे, एकेक बोट दुमडत समजावून सांगणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्यांचे आजोबा निजामाच्या अमलात तालुक्याला कारकून होते, वडील पूजा सांगायचे, आणि श्रीनिवासराव स्वतः सरकारी कचेरीत चिकटले. कुठल्या, ते सांगत नाही. तिथं कामाची माणसंही असतील. जन्मभर त्यांनी एकच काम केलं. मूळ कागद डावीकडं, त्याची नक्कल उजवीकडं, ओळीन् ओळ बोट लावून ताडायची. जुळली की शिक्का, नाही जुळली की परत. मूळ कागदात लिहिलंय ते खरं की खोटं, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. "मूळ कागद चुकत नसतो, गीताबाई. चुकते ती नक्कल," असं ते मला चहा पिता पिता ऐकवायचे, आणि ऐकवून झाल्यावर मी थक्क झाले की नाही ते बघायचे. एवढ्या एका वाक्यावर त्या माणसानं नोकरी केली, बढती घेतली, आणि शाल-श्रीफळ घेऊन रिटायरही झाला.

रिटायर झाल्यावर त्यांनी भला मोठा चपटा टीव्ही आणला आणि सोबत डिस्कचा प्लेअर. घरात माणसं तीनच. ते स्वतः, त्यांची बायको यमुनाबाई, आणि एकुलता एक विश्वजित, वाळूजला एका कंपनीत इंजिनिअर. पण प्लेअर जोडताना इंजिनिअर पोराला वायरीला हात लावू दिला नाही. "तू घाई करतोस," म्हणाले. सगळं मनासारखं जोडून झालं तेव्हा मला भिंतीवरून हाक आली, "गीताबाई, या, बघायला या." मी घरात एकटी असते, म्हणजे मला दुसरं काम नसणार, हा त्यांचा पक्का समज.

पहिली डिस्क लावली ती विश्वजितच्या मुंजीची, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली. चित्र आलं, छान आलं, पण पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मुंजीच्या वेळचं चित्र चौकोनी आणि हा टीव्ही लांबट, मग उरलेली जागा काळीच दिसणार. एवढं मला कळलं, यमुनाबाईंनाही कळलं. श्रीनिवासरावांचा चेहरा मात्र उतरला.

"हे काय? एवढा पडदा आणला, आणि कडेनं रिकामा ठेवायचा?"

पुस्तिका काढली, चष्मा पुसला. रिमोटवरच्या प्लॅस्टिकवरूनच बटणं दाबत प्लेअरच्या सेटिंगमध्ये शिरले, तिथून व्हिडिओच्या पानावर गेले. जुनं चौकोनी चित्र टीव्हीवर कसं पाठवायचं त्यासाठी तिथं दोनच पर्याय होते, नॉर्मल आणि फुल. "नॉर्मल कशाला?" म्हणाले. "फुल मिळत असताना नॉर्मल कोण घेईल?" बटण दाबलं. पट्ट्या गेल्या, पडदा काठोकाठ भरला, आणि मुंजीतली तमाम माणसं दोन्हीकडून ओढल्यागत आडवी पसरली. बटूचे गाल सुजले. भटजी पाटावर मावेनात. यमुनाबाई नऊवारीत दारभर झाल्या.

यमुनाबाई बघतच राहिल्या. "अहो, मी तेव्हाच एवढी सुटले होते का?"

"होतीसच," श्रीनिवासराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

बाईंनी पदर सारखा केला आणि आत निघून गेल्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपली बायको तरुणपणी कशी दिसायची हे या माणसाला आठवेना, त्यानं पडद्यावर बघून सांगितलं. मला त्या दिवशी त्यांची खरोखर किळस आली.

पुढं त्या घरात सगळंच सुजलं. टीव्हीच्या सेटिंगमध्येही त्यांनी तसंच फुल करून ठेवलं, त्यामुळं केबलवर दिसेल तो माणूस रुंद. संध्याकाळच्या बातम्या देणारी बाई आमच्या डबा टीव्हीत चांगली सडपातळ, आणि त्यांच्याकडं तिची मान खांद्यात रुतलेली. मी ते बोलून दाखवलं. श्रीनिवासरावांनी करंगळी दुमडली. "तुमचा डबा लहान. चित्र त्यात मावत नाही, म्हणून तो माणसं दाबून दाखवतो." दुसरं बोट दुमडलं. "आमच्याकडं जागा ऐसपैस. इथं माणूस आपल्या मूळ मापात दिसतो." मी चहा अर्धा टाकून उठले.

मध्ये एकदा त्यांनी चित्राची स्पष्टता सगळ्यात वरच्या आकड्यावर नेऊन ठेवली. तो आकडा त्यांच्या टीव्हीला झेपेना, पडदा काळा पडला. झालं, गृहस्थ गल्लीभर सांगत फिरले की लाइटमध्ये दोष आहे. ते भाजीला गेले तेव्हा विश्वजितनं प्लेअरला जुनी वायर लावून चित्र मिळवलं, आकडा खाली आणला आणि वायर परत काढून ठेवली. श्रीनिवासराव आले, टीव्ही लावला, आणि मला ओट्यावरून म्हणाले, "बघा, लाइट सुधारली." विश्वजित तिथंच उभा होता. तो काही बोलला नाही. मला तेव्हा वाटलं, काय समजूतदार पोरगा आहे. माझीही अक्कल बघा.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. बारा साली पाऊस हुलकावणी देऊन गेला, धरणात चिखल राहिला आणि शहराला आठवड्यानं पाणी यायला लागलं. आमच्या मागं जिथं ज्वारीची रानं होती तिथं तेव्हाच इमारती उठत होत्या. स्लॅबवर पाणी मारायला टँकर लागायचे, आणि आम्ही इकडं भांडी घासलेलं पाणी संडासात ओतायला जपून ठेवायचो. याच सुमारास विश्वजितची तिशी उलटली होती आणि त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. बघण्याचा कार्यक्रम श्रीनिवासरावांना आपल्याच घरी हवा असायचा, कारण येण्याजाण्याचा त्रास मुलीकडच्यांनीच काढायचा असतो, असं त्यांचं शास्त्र. पण आलेल्या पाच-सहा माणसांना हातपाय धुवायला, प्यायला पाणी कुठून द्यायचं? मग त्यांनी हुकूम काढला. आधी मुलीची सीडी पाठवा. सीडी पसंत पडली तर पुढचं बोलू.

आणि लोक पाठवायला लागले हो. गरज लोकांना असते. फोटो स्टुडिओवाल्यांना नवा धंदा मिळाला. मुलगी दारातून आत येते, बसते, नाव सांगते, चहाचा ट्रे ठेवते, वळून बघते. मूळच्या चौकोनी चित्राच्या त्या सीड्या, आणि त्या लागायच्या कुठं, तर लासूरकरांच्या फुल पडद्यावर. रविवारी सकाळी मला बोलावणं यायचं, बाईमाणसाचं मत म्हणून. मत काय, श्रीनिवासराव माझ्याकडं न बघताच निकाल द्यायचे. जाड हा शब्द ते वापरत नसत. सुसंस्कृत ना. "प्रकृतीनं जास्त आहे," असं म्हणायचे.

वैजापूरची प्रकृतीनं जास्त. कन्नडची जास्त. सिडकोतली डॉक्टरीण जास्त. फोटो तर सोबत असायचा, फोटोत मुलगी चांगली दिसायची. तो फोटो ते पडद्याशेजारी धरायचे, डावीकडं सीडी, उजवीकडं फोटो, आणि मान हलवायचे. "फोटोत फसवाफसवी असते. सीडी चालतीबोलती. ती मूळ." म्हणजे मुलगी जास्त, वर तिचा बाप लबाड. मी एकदा म्हटलं, "श्रीनिवासराव, जिल्ह्यात एकही बारीक पोरगी उरली नाही का? तेही असल्या दुष्काळात?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "खाण्यापिण्याच्या सवयी बिघडल्यात हल्ली."

नीरजाचं स्थळ मी सुचवलं नव्हतं, हे आधी सांगते. नीरजा माझ्या भावाची मुलगी. भाऊ सोयगावला शाळेत मास्तर आहे. त्याला कुठून तरी विश्वजितची माहिती कळली, शेजारी बहीण राहते म्हणून तो खूश झाला, आणि मला न विचारता सीडी पाठवून मोकळा झाला. सोयगावच्या स्टुडिओत धबधब्याचा पडदा लावून काढलेली. सगळा तालुका टँकरच्या रांगेत आणि ही पोर धबधब्यासमोर उभी. निळा ड्रेस, एक वेणी, शेवग्याच्या शेंगेसारखी सरळसोट पोरगी. नाव सांगताना तिला हसू फुटतं, ते तिनं दाबलंय.

लासूरकरांकडं ती सीडी लागली तेव्हा मी तिथंच होते. आणि पडद्यावर कोण आली? कुणी भलतीच. तोंड तिचं, हसू तिचं, पण दंड पैलवानाचे. मी उठून उभीच राहिले.

"थांबा. ही माझ्या मांडीवर वाढलेली पोर आहे. ही अशी नाही. ते तुमचं फुल काढा आणि नॉर्मल करा."

"नॉर्मल केलं की पट्ट्या येतात," श्रीनिवासराव म्हणाले.

"येऊ द्या की पट्ट्या. पोरगी तर खरी दिसेल."

"गीताबाई, तुम्हाला डब्याची सवय झालीय." करंगळी दुमडली. पुढची सगळी बोटं मी बघितली नाहीत. विश्वजित सोफ्यावर बसून चटईची किनार बघत होता.

संध्याकाळी भिंतीपलीकडून फोन ऐकू आला. माझ्या भावालाच लावलेला. "मुलगी गुणी आहे. पण प्रकृतीनं जास्त आहे. आमचा विश्वजित शेलाटा, जोडा शोभायला नको का? नाही, नाही, तुमच्या टीव्हीवर नाही कळायचं ते. डबा असेल ना तुमचा? डब्यात माणूस दाबून दिसतो." मग थोडं थांबून, अगदी मायेनं, "तिनं संध्याकाळचं जेवण जरा कमी केलं, तर पुढंमागं विचार करता येईल." मी भावाला लगेच फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू त्यांच्याशी भांडलीस का? उगाच बिघडवू नकोस गं." माझा भाऊही काही कमी नाही. मुलीचा बाप झाला की माणसाला समोरचा म्हणेल ते पटायला लागतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. गौरी-गणपतीला मी सोयगावला गेले. नीरजानं दार उघडलं आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. गळ्याची हाडं वर आलेली. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, ती त्या सारख्या मागं ढकलत होती. डोळ्यांखाली काळं. "ताई, बघ किती कमी केलं हिनं," भाऊ कौतुकानं म्हणाला. वहिनी चुलीकडं तोंड करून डोळे पुसत होती. आधी संध्याकाळचं बंद केलं होतं, मग सकाळचंही निम्म्यावर आणलं. जेवायला बसली की ताटात बोटं फिरवायची, घास धाकट्या बहिणीच्या ताटात सरकवायची आणि उठायची. गौरीच्या नैवेद्याची पुरणपोळी तिनं हातात घेतली, वास घेतला आणि परत ठेवली.

मी तिला माळवदावर नेऊन सगळं समजावलं. फुल काय, नॉर्मल काय, बातम्यांची बाई त्यांच्याकडं कशी फुगते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतीयस. ते काका म्हणाले ना, आपल्या डब्यात दाबून दिसतं. मशीन कशाला खोटं बोलेल?"

"अगं, आरशात बघ ना."

"बघते की. तशीच दिसते मी." आणि तिनं दोन्ही हात कडेला धरून रुंदी दाखवली. जितकी दाखवली तितकी ती कधीच नव्हती. त्या भिकार पडद्यावरची रुंदी होती ती, तिनं न बघता, नुसती ऐकून अंगावर घेतलेली.

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. लग्न गेलं खड्ड्यात. या पोरीनं जेवलं पाहिजे, एवढंच मला कळत होतं. आणि माझ्या तोंडून सांगून ती जेवणार नव्हती. ज्या पडद्यानं तिला जाड ठरवलं, त्याच पडद्यावर तिनं स्वतःला नीट बघायला हवं होतं.

गारखेड्याला परतल्यावर मी विश्वजितला घरी बोलावलं. माझ्या डब्यावर नीरजाची सीडी लावली. जुना प्लेअर आहे माझ्याकडं. म्हटलं, नीट बघ, तुमच्याकडं काय दिसलं आणि इथं काय दिसतंय. मला वाटलं पोरगा चकित होईल.

"काकू, मला माहितीये," तो म्हणाला.

"काय माहितीये?"

"फोर-थ्री आउटपुट फुलवर आहे. चित्र आडवं ताणलं जातं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. मुंजीच्या वेळीच."

"म्हणजे वैजापूरची, कन्नडची, ती डॉक्टरीण..."

"हो. तशा त्या चांगल्याच होत्या."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बाबांना पट्ट्या चालत नाहीत. घरात वाद कशाला?" आणि मग अगदी हळूच, "पण ही मला आवडली होती, काकू."

बापाला निदान आपण बरोबर आहोत असं वाटत तरी होतं. याला सगळं माहीत होतं आणि हा चटईची किनार बघत बसला होता. थोबाडीत मारावीशी वाटली. पण मला त्याची गरज होती. मी नीरजाच्या जेवणाचं सगळं सांगितलं. तो कसनुसा झाला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "काकू, मी बाबांना तयार करतो. तुम्ही नीरजाला आणि तिच्या घरच्यांना घेऊन या. त्या दिवशी सकाळीच मी सेटिंग नॉर्मल करून ठेवीन. शब्द देतो."

श्रीनिवासराव तयार व्हायला वेळ लागला नाही, कारण एव्हाना सीड्या यायच्या बंद झाल्या होत्या. लासूरकरांचं नाव काढलं की मुलींचे बाप विषय बदलायचे. "मुलीनं मनावर घेतलंय असं ऐकतो," ते मला म्हणाले. "आता पाण्याचीही अडचण नाही. या घेऊन."

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी भाऊ, वहिनी आणि नीरजा आले. मी त्यांना आणायला स्टँडवर गेले होते, येताना रिक्षात नीरजानं माझा हात धरला होता. "आत्या, आता नाही म्हणणार नाहीत ना ते?" तिचा हात नुसता हाडांचा लागत होता.

लासूरकरांचा दिवाणखाना झाडूनपुसून तयार. यमुनाबाईंनी पोहे केले होते. श्रीनिवासरावांनी कसं काय, प्रवास कसा झाला, एवढंही विचारलं नाही. म्हणाले, "आधी ताडून घेऊ." टीव्हीच्या उजवीकडं खुर्ची मांडून ठेवली होती. त्या खुर्चीवर नीरजाला बसवलं, आणि सीडी लावली. डावीकडं पडदा, उजवीकडं माझी भाची. कचेरीतलं टेबलच ते.

धबधबा आला, नीरजा आली, आणि पडदा काठोकाठ भरलेला. फुल. मी विश्वजितकडं बघितलं. त्यानं पोह्याच्या ताटलीत बघितलं. सकाळी त्यानं काही केलेलं नव्हतं.

श्रीनिवासराव पुढं सरकले. पडद्यावर बोट धरलं, मग खुर्चीकडं बघितलं. पुन्हा पडदा, पुन्हा खुर्ची. शेवटी ते मागं टेकले.

"जुळत नाही," म्हणाले.

"म्हणजे?" भावानं विचारलं.

"सीडीत चांगली भरलेली आहे. इथं अगदीच वाळलेली. एवढा फरक कसा? मध्ये काही दुखणंबिखणं झालं का? असेल तर लपवू नका."

माझ्या भावाला घाम फुटला. "तुम्हीच म्हणाला होतात ना, संध्याकाळचं जेवण..."

"मी कमी म्हणालो होतो. काही प्रमाण असतं की नाही?" आणि नीरजाकडं वळून समजावणीच्या सुरात, "सीडीतल्यासारखी थोडी राहिली असतीस, तर चाललं असतं."

नीरजाचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या तोंडात आलेल्या शिव्या मी गिळल्या. मी फक्त "विश्वजित," एवढंच म्हटलं.

तो उठला. खरंच उठला. बापाच्या मांडीवरचा रिमोट उचलला, सेटिंगमध्ये गेला, आणि फुलचं नॉर्मल केलं. एवढंच काम होतं ते, वर्षभर अडलेलं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, आणि मधोमध सोयगावची ती पोरगी उभी होती. निळा ड्रेस, एक वेणी, अंगानं जशी होती तशी. जाड नाही, वाळलेली नाही. तिला हसू फुटत होतं आणि ती ते दाबत होती.

वहिनीनं तोंडाला पदर लावला. यमुनाबाई दारात चहाचा ट्रे घेऊन तशाच थांबल्या. नीरजा खुर्चीतून वळून, मान तिरकी करून पडद्याकडं बघत होती. मग तिनं स्वतःचं मनगट बघितलं. मग पुन्हा पडदा.

"पट्ट्या आल्या," श्रीनिवासराव म्हणाले. "विश्वजित, पट्ट्या आल्या बघ."

बस्स. एवढं सगळं समोर दिसत असताना त्या माणसाला पट्ट्या दिसल्या. विश्वजित रिमोट धरून उभा. त्यानं बापाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, नीरजाकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी. अरे, एक वाक्य बोल. असू दे बाबा पट्ट्या, एवढं म्हण.

त्यानं बटण दाबलं. पडदा भरला. पोरगी पुन्हा फुगली.

"हं," श्रीनिवासराव म्हणाले. "आता कसं."

विश्वजित बसला. नीरजा त्याच्याकडंच बघत होती. तिनं सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो... म्हणजे सेटिंगचं ना?"

"आधीपासून?"

त्यानं मान हलवली. "एवढं मोठं काही नाही ते. नंतर बदलता येतं. घरात उगाच वाद नको म्हणून..."

नीरजा उठली. ओढणी सारखी केली. आवाज जरासा कापत होता, पण कुणाला ऐकू येऊ नये असा नव्हता.

"आत्या, मला भूक लागलीय. तुझ्याकडं काय आहे?"

"अगं, पोहे आहेत की," यमुनाबाई ट्रे सावरत म्हणाल्या.

"इथलं नको, काकू," ती म्हणाली, आणि चपला घालून निघाली. भाऊ "अगं नीरजा, अगं" करत राहिला. वहिनी त्याला ओलांडून तिच्यामागं आली.

माझ्याकडं सकाळचं वरण होतं, दोडक्याची भाजी होती. पोळ्या मी गरम केल्या नाहीत, तिला तेवढा धीर नव्हता. ती खाली भिंतीला टेकून बसली आणि जेवायला लागली. पहिला घास घशाखाली जाईना, पाणी प्याली, मग दुसरा घेतला. रडत होती आणि जेवत होती. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि मी वाढत होते.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. बघते तर श्रीनिवासराव, हातात ती सीडी, कव्हरमध्ये नीट घातलेली.

"गीताबाई, मी काय म्हणतो," त्यांनी करंगळी दुमडली. "सहा महिन्यांनी पुन्हा एकदा ताडून बघू. मुलगी थोडी भरली तर आमची काही हरकत..."

मी सीडी घेतली आणि दार लावलं.

"आत्या, कोण आहे?" नीरजानं तोंडात घास धरूनच विचारलं.

"कुणी नाही गं," मी म्हटलं. "तू जेव."